कार्डांचा गठ्ठा घेऊन कुलाब्याला

१९९६ सालच्या मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आता कुणी फोन उचलायचा नाही, असं तुम्ही घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. आतल्या खोलीत त्याच लाइनवर दुसरा फोन आहे, आणि आईला झोपण्यापूर्वी मावशीशी बोलायची सवय आहे. मोडेम नंबर फिरवतो. एंगेज. पुन्हा फिरवतो. एंगेज. कितव्या तरी खेपेला पलीकडून शिट्टी येते, मग खरखर, मग दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर एकमेकांना चाचपून बघतात आणि एकदम सगळं शांत होतं. जोडणी झाली.

विदेश संचार निगमानं इंटरनेट सामान्य माणसाला खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. तुमची जोडणी सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेते, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर साधारण सव्वा किलोबाइट. तुम्हाला बघायचाय गुरूचा चंद्र गॅनिमीड. ‘गॅलिलिओ’ यानानं या जूनमध्ये तो जवळून टिपलाय. फोटो ६० किलोबाइटचा आहे, म्हणजे पाऊण मिनिट लागणार. वरून एक करडी पट्टी उमटते, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. थोड्या वेळानं एका विवराची कड दिसू लागते. तुम्ही पडद्याला नाक लावून बसलाय.

हा फोटो तुमच्यापर्यंत कसा आला, तेही सांगायला हवं. गॅलिलिओचा मोठा अँटेना अवकाशात उघडलाच नाही. छत्रीच्या काड्या अडकाव्यात तसा तो अर्धवट राहिला. मग शास्त्रज्ञांनी छोट्या अँटेनावर काम भागवलं आणि यान सेकंदाला फार तर १६० बिट पाठवू लागलं. तुमचा मोडेम त्याच्या साठपट वेगवान आहे. साठ कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावरून, थेंब थेंब साठवत, लोकांनी एका चंद्राचं चित्र उतरवून घेतलं. त्यांच्यापुढे तुमचा पाऊण मिनिट म्हणजे काहीच नाही.

खालची एक तृतीयांश पट्टी राहिलीय. तेवढ्यात आतून आईचा आवाज येतो, ‘‘अगं, लागतच नाहीये फोन, नुसतं खर्रखर्र येतंय.’’ पडद्यावर ‘नो कॅरिअर’. चित्र पुन्हा वरून सुरू करायचं.

आज तुमच्या फोननं काढलेला एक फोटो सहज तीन मेगाबाइटचा असतो. या लाइनवर तो यायला चाळीस मिनिटं लागली असती, तीही आईनं फोन उचलला नसता तर. आणि तोच फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर चढायला चार सेकंद लागले की तुम्ही फोन झटकून बघता.

आणखी मागे जाऊ. १९८९ साल, कुठलंही तालुक्याचं गाव, एका मजल्यावरची ‘कॉम्प्युटर क्लास’ची खोली. चपला बाहेर. आत एसी, जाड पडदे, मशीनवर प्लॅस्टिकचं आवरण. अंगावर काटा आला तरी इथे गारवा हवा, कारण गारवा तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे. एका मशीनसमोर तिघं बसलाय. ए ड्राइव्हमध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी सरकवायची, खिट्टी खाली पाडायची, आणि मेमरी मोजली जाताना बघत बसायचं: ६४, १२८, २५६… ६४० केबी. फ्लॉपीवर मावतात ३६० केबी. तुम्ही ‘सेव्ह’ म्हटलं की फ्लॉपीचा दिवा लागतो, आत काहीतरी करकरतं, आणि दिवा विझेपर्यंत कुणी टेबलाला हातही लावत नाही. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, कारण इथे निदान मशीन समोर तरी आहे. तुम्हाला जिथे न्यायचंय तिथे मशीन काचेपलीकडे आहे.

जुलै १९६५. तुम्ही पुण्यात संशोधन करता आणि सकाळच्या डेक्कन क्वीननं मुंबईला निघालाय. मांडीवर बुटांचा खोका आहे. खोका मेणकापडात गुंडाळून सुतळीनं बांधलाय, कारण घाटात पाऊस आहे आणि खोक्यात तुमचे सहा महिने आहेत. सहा महिने म्हणजे कार्डं. पातळ पुठ्ठ्याची, एकसारखी, प्रत्येकावर ऐंशी उभे रकाने आणि बारा आडव्या ओळी. कार्डावरचं एकेक भोक म्हणजे तुमच्या डोक्यातल्या वाक्याचा एकेक तुकडा. एका कार्डावर फोरट्रान भाषेची एक ओळ. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तुम्ही शाईनं एक तिरकी रेघ ओढून ठेवलीय. फलाटावर धक्का लागून कार्डं सांडलीच, तर ही रेघ जुळवत जुळवत क्रम पुन्हा लावता येतो. ज्यानं एकदा कार्डं सांडलीत त्याला या रेघेची किंमत सांगावी लागत नाही.

बोरीबंदरला उतरून बस. कुलाब्याच्या पार टोकाला, समुद्राला पाठ टेकून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची नवी इमारत उभी आहे. तिचं उद्घाटन तीन वर्षांपूर्वी पंडित नेहरूंनी केलं. आत शिरताच हुसेन यांचं भलं लांब भित्तिचित्र. तुम्ही त्याच्याकडे धड बघतही नाही. तुम्ही बघताय, खोक्याचा खालचा कोपरा ओला झालाय का.

ओल ही इथली खरी वैरीण. कार्ड दमट झालं की फुगतं, किंचित वाकतं, आणि कार्ड वाचणाऱ्या यंत्रात अडकतं. मागून येणारी कार्डं त्यावर धडकून चुरगळतात. म्हणून तुम्ही कार्डं द्यायच्या खिडकीपाशी जाण्याआधी एकेक कार्ड बोटांनी चाचपता. दोन वाकलीत. ती नव्यानं पंच करायची.

पंचिंग मशीनवर बसलात की एक गोष्ट लगेच कळते: इथे खोडरबर नाही. चुकीचं भोक बुजवता येत नाही. चूक झाली तर नवं कार्ड घ्यायचं, जुनं शेजारी ठेवायचं आणि ‘डुप’ची कळ दाबून चुकीच्या रकान्यापर्यंतचं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, मग तेवढं एक अक्षर बरोबर मारायचं आणि पुढचं पुन्हा उतरवायचं. मशीन खटाखट चालतं, कागदाचे चिमुकले आयताकृती तुकडे खालच्या डब्यात पडतात. मोबाइलवर अंगठा दाबून शब्दच्या शब्द पुसणारी तुमची बोटं इथे आपोआप सावध होतात.

गठ्ठा खिडकीत दिला. ऑपरेटर वहीत नोंद करून पावती देतो. ‘‘केव्हा येऊ?’’ तुम्ही विचारता.

‘‘उद्या दुपारी बघा. रांग मोठी आहे.’’

काचेपलीकडच्या खोलीत, गारव्यात, सीडीसी ३६०० उभा आहे. गेल्या वर्षी अमेरिकेहून आलेला हा कॉम्प्युटर सेकंदाला काही लाख बेरजा करतो. त्याच्या जोडीला १६०-ए नावाचा धाकटा कॉम्प्युटर आहे; कार्डं वाचून चुंबकीय टेपवर चढवायची, आणि आलेली उत्तरं टेपवरून छापून काढायची, ही हमाली त्याची. थोरल्याचा वेळ इतका मोलाचा की त्यानं कार्डांसारख्या संथ गोष्टीसाठी थांबून राहणं परवडत नाही. त्याची स्मृती ३२,७६८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४८ बिटांचा. आपल्या हिशेबात १९२ किलोबाइट. तुमच्या फोनमधल्या एका फोटोत असे पंधरा सीडीसी ३६०० मावतील.

तुमचं काम तो चार मिनिटांत उरकेल. पण त्या चार मिनिटांआधी देशभरातून आलेल्यांची कामं आहेत: विश्वकिरण मोजणाऱ्यांची, अणुभट्टीचं गणित मांडणाऱ्यांची. उशीर यंत्राचा नाही, रांगेचा आहे. यंत्र एक आणि प्रश्न घेऊन आलेले शेकडो. आज आपण म्हणतो की कॉम्प्युटर वेगवान झाले, आणि ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याच्याइतकीच मोठी गोष्ट ही की ती खिडकी गेली. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या एक अख्खा कॉम्प्युटर फक्त तुमच्यासाठी जागा असतो, आणि पावती कुणी मागत नाही.

तुमचा प्रश्न काय आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही एका स्फटिकावर क्ष-किरण सोडलेत. पलीकडच्या फिल्मवर शेकडो ठिपके उमटलेत, काही ठळक, काही पुसट. प्रत्येक ठिपका म्हणजे स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीची एक लाट. स्फटिकाच्या पोटातल्या प्रत्येक बिंदूवर या सगळ्या लाटांची बेरीज केली की कुठे दाटी आहे आणि कुठे मोकळं आहे याचा नकाशा मिळतो. दाटीची टेकडी म्हणजे अणू. पाचशे ठिपके आणि दोन हजार बिंदू धरले तर दहा लाख पदांची बेरीज. आणि त्यात एक ग्यानबाची मेख आहे: फिल्मवर लाटेची उंची कळते, पण ती कुठून सुरू होते ते कळत नाही. तिथे अंदाज करायचा, नकाशा काढायचा, नकाशा पटला नाही तर अंदाज बदलायचा आणि दहा लाख पदं पुन्हा मिळवायची.

म्हणजे तुमच्या संशोधनाचा वेग मोजायचा तो सेकंदांत नाही, कुलाब्याच्या खेपांत.

मग तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत करता काय? तुम्ही प्रोग्रॅम वाचता. कागदावर, पेन्सिल घेऊन, स्वतः यंत्र होऊन. पहिल्या ओळीला अमुक चलाची किंमत एक, दुसरीला दोन, इथून उडी तिकडे. व्हरांड्यात बसून समुद्राकडे तोंड केलेले तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं हेच करताहेत. त्या काळातल्या माणसांना आपले प्रोग्रॅम तोंडपाठ असत. एक चूक म्हणजे एक दिवस, त्यामुळे चूक यंत्राला दाखवण्याआधी स्वतःला दिसावी अशी डोळ्यांना सवय लागे. ती सवय अस्सल होती आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण हे थांबणं कुणी रम्य मानू नये. शिष्यवृत्तीची मुदत थांबत नव्हती. बाहेरगावहून आलेल्याला रात्रीच्या मुक्कामाची सोय बघावी लागत होती. कितीतरी चांगले अंदाज केवळ तपासून बघायला वेळ उरला नाही म्हणून वहीतच राहिले असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत तुमचा गठ्ठा आहे आणि त्याला रबरबँडनं बांधलेला रुंद कागदाचा थप्पा. तुम्ही तो उभ्याउभ्याच उलगडता. आकडेच आकडे. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चाललाय, यंत्रानं कुठे तक्रार केलेली नाही. पण टेकड्या भलत्याच जागी आहेत. दोन अणू एकमेकांच्या अंगावर चढलेत, निसर्गात जे कधी होत नाही.

तासाभरानं सापडतं. फोरट्रानची ओळ कार्डाच्या सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच लिहायची असते. त्र्याहत्तर ते ऐंशी हे रकाने गठ्ठ्याचे क्रमांक टाकायला; यंत्र ते वाचतच नाही. तुमच्या एका लांब ओळीच्या शेवटी ३६० होते. ३ आणि ६ आत बसले. शून्य त्र्याहत्तराव्या रकान्यात गेलं. यंत्रानं ३६ वाचले, ओळ व्याकरणाच्या दृष्टीनं शुद्ध होती, आणि त्यानं अत्यंत प्रामाणिकपणे चुकीचं गणित केलं.

एक शून्य. ‘डुप’ची कळ, दोन ओळींत तोडलेली दोन नवी कार्डं, पुन्हा खिडकी, पुन्हा पावती. डेक्कन क्वीन संध्याकाळची, पण आता उद्याची.

तुम्ही खिडकीशी उभे आहात त्या वेळी ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या टेबलावर इन्शुलिन आहे. गेल्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं, ते पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रचनेसारख्या कामांसाठी. इन्शुलिनच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो त्यांनी १९३५मध्ये काढला होता. रचना हाती लागेल १९६९मध्ये. चौतीस वर्षं. मधल्या काळात त्या हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. गणिताची साधनं मोठी होईपर्यंत त्यांनी छोटे रेणू सोडवले. पेनिसिलिन-जीमध्ये हायड्रोजन सोडून २३ अणू. बी-१२मध्ये ९३, आणि त्यासाठीची आकडेमोड अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या स्वॅक कॉम्प्युटरवर झाली. आकडे आणि उत्तरं अटलांटिक ओलांडून टपालानं जात-येत. त्यानंतर शेकडो अणूंचं इन्शुलिन. साधनाचा वेग वाढला की त्यांनी लगेच मोठा रेणू घेतला, त्यामुळे वाट बघणं होतं तेवढंच राहिलं.

इथेच मला या प्रवासाचं मर्म दिसतं. कॉम्प्युटर लाखपट वेगवान झाले तरी आपला खोळंबा संपत नाही, कारण वेग हाती आला की आपण त्या वेगात जुनं काम लवकर उरकून स्वस्थ बसत नाही. जे काल मागण्याची हिंमत नव्हती ते आज मागतो. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांच्यात ‘अल्फाफोल्ड’ घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर आहेत. त्यांचा प्रोग्रॅम साध्या प्रथिनाच्या रचनेचा अंदाज मिनिटांत देतो, आणि कुठल्याशा प्रयोगशाळेतला विद्यार्थी त्या मिनिटांत घड्याळाकडे बघत चुळबुळ करतो. त्याचं चुकत नाही. त्याला एक नाही, दहा हजार प्रथिनं तपासायची आहेत.

१९६५च्या आणखी पाच वर्षं मागे. १९६०, कुलाबाच, पण ही नवी इमारत नाही. इथे टिफ्रॅक आहे. देशात घडवलेला हा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी उभारला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्यापूर्वी कॉम्प्युटर कधी वापरलाही नव्हता. २,७०० व्हॉल्व्ह तापून लालसर झालेत. स्मृती म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या, तारांच्या जाळीत ओवलेल्या. एका बिटाला एक कडी. २,०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिट, म्हणजे ८१,९२० कड्या. एवढ्या खटाटोपातून हाती येते दहा किलोबाइटची स्मृती. जवळ जाऊन बघा: मण्याहून लहान काळी कडी, तिच्या भोकातून आरपार गेलेल्या तारा. वीज एका दिशेनं गेली की शून्य, उलट गेली की एक. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये असे अब्जावधी बिट आहेत आणि त्यातला एकही तुम्हाला कधी दिसणार नाही. इथे तुम्ही बिटाकडे बोट दाखवू शकता. इथे फोरट्रान नाही. यंत्राला कळणाऱ्या आकड्यांतच सगळं लिहायचं, कागदी फितीवर भोकं पाडून आत सरकवायचं. व्हॉल्व्ह उडाला तर आधी तो शोधायचा. तरीही टिफ्रॅकसमोर उभी असलेली माणसं कंटाळलेली नाहीत. कशी असतील? ती कुठून आलीत ते बघायला एकच मुक्काम उरलाय.

१९५३, पुणे. एका प्रयोगशाळेतलं लांब टेबल. त्यावर दोन लाकडी पेट्या, एकीत साइनच्या पट्ट्या, दुसरीत कोसाइनच्या. बीव्हर्स आणि लिप्सन या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोधलेली ही सोय. पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या, हजारोंनी, आणि प्रत्येकीवर एकेका लाटेच्या ठरावीक अंतरांवरच्या किमती आधीच गुणून छापलेल्या. तुमच्या ठिपक्यांना लागणाऱ्या पट्ट्या पेटीतून शोधायच्या, एकीखाली एक लावायच्या, आणि उभ्या रकान्यांची बेरीज करायची. गणित तेच, जे तुम्ही बारा वर्षांनी बुटांच्या खोक्यातून नेणार आहात. पण दहा लाख पदं हातानं शक्य नाहीत, म्हणून स्फटिकाची नुसती सावली काढायची, सपाट नकाशा, तोही कमीत कमी बिंदूंवर.

सर समोर बसलेत. ते रकाना मोठ्यानं वाचतात, तुम्ही फॅसिट गणकयंत्राचं हँडल फिरवता आणि उत्तर वहीत मांडता. ‘‘उणे सतरा. अधिक बेचाळीस. अधिक तीन. उणे अठ्ठावीस.’’ दुपारभरात चार ओळी होतात. पट्टी परत ठेवताना तुमचा हात चुकीच्या खणाकडे जातो तसे सर ओरडतात, ‘‘अहो, बघून ठेवा! पट्टी भलत्या जागी गेली की महिनाभराचं काम गेलं.’’ सपाट नकाशाला असा महिना-सव्वा महिना लागतो. अंदाज चुकला तर पुन्हा तेवढाच.

तुम्हाला राहवत नाही. तुम्ही त्यांना सांगून टाकता की असं यंत्र येणार आहे, इथेच, मुंबईत. सपाट नकाशा काय, सगळ्या खोलीसकटचा नकाशा ते चार मिनिटांत काढेल. त्यानंतरची यंत्रं तर पापणी लवायच्या आत.

सर पट्टी हातात धरून तुमच्याकडे बघतात. विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. ‘‘चार मिनिटं?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग हा रेणू कशाला घेऊन बसलोय आपण?’’ खुर्ची मागे सारून ते उठतात, कपाटाचं खालचं दार उघडतात आणि जड म्हणून बाजूला ठेवलेल्या फिल्म्सचा गठ्ठा बाहेर काढतात. ‘‘हा घेऊ. दिवा लावा जरा. ठिपके मोजायला आत्ताच लागू या.’’